घोळीचा रस : एक प्रतिवाद

गेल्या श्रावणात आमच्या तालुक्याच्या गावी रानभाज्यांचे एक प्रदर्शन भरले होते. शाळेच्या पडवीत पाटांची रांग मांडून त्यांवर टाकळा, कुर्डू, आघाडा, आंबुशी, तांदुळजा यांच्या ओल्या जुड्या ठेवलेल्या होत्या, आणि ज्या बायकांनी त्या पहाटे बांधावरून खुडून आणल्या त्या पाटामागे पदर सावरून बसलेल्या होत्या. पाहणाऱ्याचे मन प्रसन्न व्हावे असाच तो देखावा होता. त्यानंतर व्याख्यान झाले. व्याख्याते व्यासंगी आणि सज्जन गृहस्थ आहेत, त्यांचा हेतू शुद्ध आहे याविषयी माझ्या मनात तिळमात्र संशय नाही; आणि माझा वाद त्यांच्या व्यक्तीशी नसून त्यांनी त्या दिवशी मांडलेल्या, व आता घरोघर प्रसृत झालेल्या, एका मताशी असल्यामुळे त्यांचे नाव येथे घेण्याचे प्रयोजन मला वाटत नाही.

त्यांनी घोळीची एक जुडी उचलून सभेला दाखवली आणि पुढीलप्रमाणे प्रतिपादन केले. घोळ आपल्या परसात आपण होऊन उगवते, म्हणजे निसर्गाने ती आपल्याचसाठी पाठविली आहे. जे असे आपण होऊन उगवते ते अपाय करीत नाही. आपल्या आजीपणजींना तिचे औषधी गुण ठाऊक होते, म्हणूनच त्या ती खात असत. शिजविल्याने तिचे सत्त्व नष्ट होते, सबब ती कच्ची वाटून तिचा पेलाभर रस सकाळी अनशापोटी घ्यावा. असे एकवीस दिवस केल्यास मुतखडा विरघळतो, मधुमेह आटोक्यात येतो आणि रक्तदाब उतरतो. आणि हे सर्व आता पाश्चात्त्य शास्त्रज्ञांनीही मान्य केले आहे, कारण घोळीत माशांइतके ओमेगा-३ नावाचे स्निग्ध द्रव्य सापडले आहे. सभेने टाळ्या वाजविल्या. माझ्या शेजारी बसलेल्या माझ्या मावसभावाने ही मात्रा आपल्या वहीच्या शेवटच्या पानावर नीट उतरवून घेतली.

त्याला मुतखड्याचा जुना विकार आहे. तीन वर्षांपूर्वी एक खडा काढलेला, आणि त्या वेळी डॉक्टरांनी पालक कमी खा, पाणी भरपूर प्या असे बजावून घरी पाठविलेले. पालक त्याने तेव्हापासून ताटात येऊ दिला नव्हता. घोळीचा रस मात्र त्याने दुसऱ्या दिवसापासून सुरू केला, आणि सतराव्या दिवशी रात्री दोन वाजता कुशीत असह्य कळा येऊन त्याला रुग्णालयात न्यावे लागले. त्या रसानेच खडा झाला असे मी म्हणणार नाही. खडा हा वर्षानुवर्षे कणाकणाने बनणारा पदार्थ आहे आणि सतरा दिवसांच्या रसावर त्याचा सगळा दोष लादणे न्यायाचे होणार नाही. परंतु ज्याला खडा होण्याची प्रवृत्ती आहे अशा मनुष्याला जे द्यावयाचे नाही नेमके तेच त्याला औषध म्हणून, भर सभेत, टाळ्यांच्या गजरात देण्यात आले, एवढे मात्र मी ठामपणे म्हणतो; आणि ते का, हे सविस्तर सांगणे मला माझे कर्तव्य वाटते.

मनुष्याच्या मूत्रपिंडात होणारे बहुसंख्य खडे कॅल्शियम ऑक्झॅलेट या क्षाराचे असतात. ऑक्झॅलेट हे वनस्पतींत आढळणारे एक अम्लजन्य द्रव्य होय. आंबुशीचा आंबटपणा त्याचाच, अळूची खाज त्याच्याच सुईसारख्या स्फटिकांची, आणि पालक खाल्ल्यावर दातांवर जी खरखर जाणवते तीही त्याचीच. आता घोळीत ते किती असते? अमेरिकेच्या कृषी खात्याने १९८४ साली पालेभाज्यांतील ऑक्झॅलेटचे जे कोष्टक प्रसिद्ध केले त्यात दर १०० ग्रॅम पालकात ०.९७ ग्रॅम आणि दर १०० ग्रॅम घोळीत १.३१ ग्रॅम असा आकडा दिलेला आहे. म्हणजे जो पालक माझ्या भावाने वैद्यकीय आज्ञेवरून वर्ज्य केला होता त्याहून अधिक ऑक्झॅलेट असलेली वनस्पती तो रोज सकाळी पेलाभर पीत होता. पेलाभर रसाला पावशेर तरी पाला लागतो. पावशेर पाल्यात या हिशेबाने तीन ग्रॅमहून अधिक ऑक्झॅलेट येते, आणि सामान्य मनुष्याच्या दिवसभराच्या जेवणातून मिळून जे ऑक्झॅलेट पोटात जाते ते काही शे मिलिग्रॅमच्या आतबाहेर असते. घोळीच्या अतिसेवनाने मूत्रपिंडात हे स्फटिक साचून ते निकामी होऊ लागल्याच्या रुग्णांच्या नोंदी वैद्यकीय नियतकालिकांत छापून आलेल्या आहेत. अशा वनस्पतीला मुतखड्याचा उतारा म्हणणे ही साधी चूक नव्हे. ती विपरीत चिकित्सा आहे.

यावर कोणी असे विचारील की, मग आमच्या आजीपणजी ही घोळ पिढ्यानपिढ्या खात आल्या त्यांचे काय? हा प्रश्न योग्य आहे, आणि या संपूर्ण वादाचे मर्म मला याच प्रश्नाच्या उत्तरात दिसते. त्या घोळ खात होत्या हे खरे. पण त्या ती कशी खात होत्या, हे व्याख्यात्यांनी सांगितले नाही, आणि माझी अशी समजूत आहे की ते त्यांनी कधी जवळून पाहिलेही नसावे.

माझी आत्या घोळीची ताकातली भाजी करी. घोळ जमिनीला चिकटून पसरते, त्यामुळे तिच्या पानांच्या बेचक्यांत माती बसते. ती चार पाण्यांनी धुऊन, कोवळ्या देठांसकट चिरून, आदल्या रात्री भिजत घातलेली हरभऱ्याची डाळ आणि मूठभर शेंगदाणे यांच्याबरोबर आत्या ती शिजवून घेई. शिजल्यावर वरचे पाणी ओतून टाकी. ते पाणी कशाला टाकतेस असे मी एकदा विचारले तेव्हा, ‘ते खारट नि कसंतरी लागतं रे, घशाला धरतं,’ एवढेच तिने सांगितले. मग आंबट ताकात डाळीचे पीठ कालवून ते त्यात घाली, एक उकळी आणी, आणि वरून लसूण, मेथीदाणे, हिंग व दोन सुक्या मिरच्यांची चरचरीत फोडणी देई. गरम भाकरीबरोबर ती भाजी पानात पडली की जेवणाऱ्याला दुसरे काही लागत नसे. वर्षातून असे प्रसंग किती? पावसाळ्यात आठवड्याला एखादा, आणि उन्हाळ्यात विहिरीच्या पाटाकडेला घोळ माजली म्हणजे आणखी दोनचार.

आता या कृतीतील एकेक पायरी पाहावी. ऑक्झॅलेटचा जो अंश पाण्यात विरघळतो, आणि म्हणून रक्तात शोषला जाऊन मूत्रपिंडापर्यंत पोहोचतो, त्याचा बराच भाग शिजवून पाणी टाकल्याने निघून जातो. जो उरतो त्याला ताकातील कॅल्शियम भांड्यातच आणि पुढे आतड्यात गाठते. दोहोंचा मिळून न विरघळणारा क्षार बनतो आणि तो रक्तात न शिरता मलावाटे बाहेर पडतो. ही केवळ माझी उपपत्ती नव्हे. न्यूझीलंडमधील लिंकन विद्यापीठातील संशोधकांनी नेमकी हीच गोष्ट, म्हणजे घोळीच्या पानांत दही मिसळल्यास विरघळणारे ऑक्झॅलेट किती घटते, हे मोजून २००९ साली प्रसिद्ध केले, आणि ते लक्षणीय प्रमाणात घटते असे त्यांना आढळले. तुर्कस्तानात घोळ लसूण घातलेल्या दह्यात कालवून खातात. एकमेकांचे तोंडही न पाहिलेल्या दोन मुलुखांतील बायकांनी एकाच वनस्पतीला एकच जोडीदार शोधून काढावा, यात मला मानवी अनुभवाच्या शहाणपणाचा असा दाखला दिसतो की त्यापुढे हात जोडावेसे वाटतात.

आणि व्याख्यात्यांनी सभेला काय सांगितले? शिजवू नका, ताक नको, जेवणाबरोबर नको, अनशापोटी घ्या, आठवड्यातून एकदा नको, रोज घ्या, वाटीभर नको, पावशेराचा अर्क घ्या. म्हणजे आजीने ज्या ज्या योजनेने त्या पाल्याचा दोष झाडला होता ती प्रत्येक योजना त्यांनी एकेक करून काढून टाकली, आणि जे उरले त्याला आजीचे नाव दिले. परंपरेचा अभिमान बाळगणाऱ्या मनुष्याकडून परंपरेचा याहून मोठा अवमान होऊ शकेल असे मला वाटत नाही. माझी तक्रार ही आहे. आजीचे ज्ञान पानात नव्हते. ते पातेल्यात होते, हाताच्या मापात होते, ऋतूच्या आणि वारांच्या हिशेबात होते. पान तेवढे उचलून आणून त्याला औषध म्हणणे म्हणजे दस्तऐवजाचा मजकूर फाडून टाकून नुसता शिक्का मिरविण्यासारखे आहे.

‘शिजविल्याने सत्त्व जाते’ या विधानाविषयी थोडे आणखी. शिजविल्याने क जीवनसत्त्वाचा काही भाग नाहीसा होतो, हे खरे आहे, आणि तो भरून काढावयाचा तर ताटात लिंबाची एक फोड पुरे. परंतु या एका जीवनसत्त्वावरून सगळ्या पाकक्रियेलाच सत्त्वनाशक ठरविण्याची जी प्रवृत्ती हल्ली बोकाळली आहे ती आयुर्वेदाची नव्हे. आयुर्वेदात अग्नीला आणि पचनाला जे स्थान आहे ते ज्याने थोडेही वाचले असेल त्याला, कच्च्या पाल्याचा रस हा भारतीय चिकित्सेचा अर्क म्हणून कोणी पुढे केला तर आश्चर्य वाटल्यावाचून राहणार नाही.

ग्रंथप्रामाण्याचीच गोष्ट निघाली आहे, तर सोळाव्या शतकातील भावप्रकाश उघडून पाहावा. भावमिश्रांनी वनस्पतींची वर्गवारी केली आहे. हरड्यापासून सुरू होणारा एक वर्ग, गुळवेलीपासून सुरू होणारा दुसरा, याप्रमाणे औषधींचे वर्ग लावून ते पुढे धान्यांकडे व भाज्यांकडे वळतात. पुनर्नवा त्यांनी गुळवेलीच्या वर्गात, औषधींच्या पंक्तीत बसविली आहे. घोळीला, म्हणजे त्यांच्या भाषेतील लोणीला आणि बृहल्लोणीला, त्यांनी शाकवर्गात जागा दिली. तिचे गुणदोष त्यांनी सांगितले आहेत, तसे ते वांग्याचे आणि पडवळाचेही सांगितले आहेत. आणि शाकवर्गाच्या प्रारंभीच बहुतेक भाज्या जड व विष्टंभी असतात असा इशाराही देऊन ठेवला आहे. म्हणजे ज्या परंपरेच्या नावाने घोळीला औषधाच्या गादीवर बसविले जात आहे तिच्याच दप्तरी घोळीची नोंद भाजी म्हणून आहे. एखाद्या विकारात पथ्याची भाजी म्हणून ती सुचविणे निराळे आणि तिला त्या विकाराची मात्रा ठरविणे निराळे. वैद्यांनी हा भेद कसोशीने पाळला, आणि आपण तो पुसून टाकीत आहोत.

राहिला पाश्चात्त्य शास्त्रज्ञांचा दाखला. १९८६ साली एका प्रतिष्ठित अमेरिकी वैद्यकीय नियतकालिकात घोळ हा ओमेगा-३ स्निग्धाम्लांचा जमिनीवरील स्रोत आहे अशा अर्थाचे एक टिपण आले, ते खरे आहे, आणि पालेभाज्यांत घोळ या बाबतीत श्रेष्ठ ठरते हेही खरे आहे. पण श्रेष्ठ म्हणजे किती? ताज्या १०० ग्रॅम पानांत ३०० ते ४०० मिलिग्रॅम. तेही माशात असते त्या जातीचे नव्हे; वनस्पतींतील हे स्निग्धाम्ल माशातील जातीत रूपांतरित करण्याची आपल्या शरीराची शक्ती फार तुटपुंजी आहे. आणि नुसते तेच हवे असेल, तर विदर्भमराठवाड्यातल्या कोणत्याही घरातील जवसाची चटणी काढावी : एक चमचा, म्हणजे सुमारे ५ ग्रॅम कुटलेल्या जवसात ते एक ग्रॅमहून अधिक असते. त्यासाठी पावशेर पाला वाटण्याचे आणि त्याबरोबर तीन ग्रॅम ऑक्झॅलेट गिळण्याचे कारण नाही. मधुमेहाविषयी ज्या काही लहान चाचण्या झाल्या त्यांतील काही घोळीच्या बियांवर, मोजक्या रुग्णांवर आणि त्यांची नेहमीची औषधे न थांबविता झाल्या. बियांवरील प्रयोगाचा दाखला पानांच्या रसाला लावणे म्हणजे मोहरीच्या तेलाचा गुण सरसूच्या भाजीला चिकटविणे होय.

आता मी ज्या मुद्द्याकडे येतो तो त्या सभेत कोणी काढलाच नाही, आणि तो मला सर्वांहून महत्त्वाचा वाटतो. घोळ ओळखावयाची कशी? व्याख्यात्यांनी जुडी हातात धरून उंच केली. शेवटच्या रांगेतील श्रोत्याला त्यातून हिरवा झुबका तेवढा दिसला असेल. काहींनी त्याचे छायाचित्र घेतले. दुसऱ्या दिवशी तेवढ्या बळावर गावात घोळ शोधणे सुरू झाले.

मी नऊदहा वर्षांचा असताना आत्याने मला घोळ ओळखावयास शिकविली, त्याला दोन पावसाळे लागले. ती खुरपणीला जाताना मला बरोबर नेई आणि ओळीत बसून मी जे उपटीन ते हातात घेऊन पाही. एकदा मी मोठ्या आनंदाने ओंजळभर पाला तिच्यापुढे धरला. तिने त्यातली एक काडी उचलली, नखाने मोडली, आणि मोडल्या जागी दुधाचा पांढरा थेंब आला तो माझ्या डोळ्यांपुढे धरून म्हणाली, ‘ही नायटी. दूध आलं की टाकून द्यायचं, मग ते पान कितीही घोळीसारखं दिसो.’ घोळीची काडी मोडली तर नुसते पाणी येते, स्वच्छ आणि किंचित चिकट. काडी गुळगुळीत, मांसल, तांबूस. पान जाड, देठाकडे निमुळते आणि शेंड्याकडे गोलसर, चमच्याच्या आकाराचे. फांदीच्या टोकाला अशा पानांचा झुबका, आणि त्या झुबक्याच्या मध्यभागी, देठाशिवाय बसलेले, पाच पाकळ्यांचे पिवळे फूल. हे फूल उन्हे चांगली वर आल्यावर उघडते आणि दोनचार तासांत मिटते. ढगाळ दिवशी उघडतच नाही. पुढे त्याचे बोंड होते, पिकल्यावर त्याचे वरचे झाकण डबीसारखे सुटून येते, आणि आत खसखशीहून बारीक काळे बी असते.

नायटी दुधावरून तरी कळते. वसू त्याहून फसवी. खापरा, पांढरी घेटुळी अशी तिची आणखी नावे आहेत. तिच्या शास्त्रीय नावाचा उत्तरार्ध मुळी ‘घोळीसारखी’ या अर्थाचाच आहे, यावरून वनस्पतिशास्त्रज्ञांनाही तिचे साम्य किती जाणवले ते दिसते. तीही जमिनीवर पसरते, तिचीही काडी मांसल आणि पुष्कळदा तांबूस असते, मोडल्यास तिलाही दूध येत नाही. ओळखण्याची खूण ही, की वसूची पाने समोरासमोर जोडीने येतात आणि जोडीतले एक मोठे तर दुसरे लहान असते. देठाचा बुडखा पातळ पापुद्र्यासारखा रुंदावून काडीला पिशवीसारखा वेढतो, आणि फूल त्या पिशवीत अर्धे लपलेले, गुलाबीसर पांढरे असते, पिवळे कधीच नसते. काही ठिकाणी वसूची कोवळी पानेही भाजी म्हणून खातात. पण तिचे मूळ तीव्र रेचक आणि गर्भपातक म्हणून जुन्या औषधिग्रंथांत नोंदलेले आहे, आणि जो मनुष्य मुळासकट उपटून सगळे वाटून पितो त्याच्या दृष्टीने ही नोंद निरर्थक नाही.

नावांनीही पुष्कळ घोटाळा होतो. घेटुळी म्हटले की एका तालुक्यात खरी तांबडी पुनर्नवा आणतील, दुसऱ्यात वसू. पांढरी पुनर्नवा या नावाखाली वसूच दिली जाते आणि दोहोंवरून वैद्यांत जुना वाद आहे. विदर्भात चिवळ म्हणून बारीक पानांची भाजी उन्हाळ्यात मिळते, ती घोळीची सख्खी बहीण, पण घोळ नव्हे. हिंदी मुलुखातून आलेला मनुष्य घोळीला कुल्फा किंवा नोनिया म्हणेल, गुजराती लुणी म्हणेल. अशा स्थितीत नाव ऐकून औषध घेणे हा केवढा धोका! नाव हा साक्षीदार कच्चा आहे. काडी, पान, फूल आणि बोंड हे चार साक्षीदार एकवाक्याने बोलतील तेव्हाच निवाडा करावा, आणि त्यांतला एक जरी फुटला तरी पाला खाली ठेवावा. छायाचित्रात काडी मोडता येत नाही.

ओळख पटल्यावरही एक खातरजमा उरते, ती जागेची. घोळ उकिरड्यावर, गटाराच्या काठी आणि रस्त्याकडेच्या भरावातही तितक्याच जोमाने वाढते, आणि जमिनीत जे असेल ते, मग नत्राचे क्षार असोत वा जड धातू, ती आपल्या मांसल अंगात साठवून घेते. हल्ली तर बांधापर्यंत तणनाशकाची फवारणी होते. आणि फवारल्यावर पहिले दोन दिवस घोळ हिरवीगार, टवटवीतच दिसते. आत्याच्या काळी हा प्रश्न नव्हता. आज तो पहिला प्रश्न आहे, आणि शेताच्या मालकाला विचारल्यावाचून कोणीही बांधावरचा पाला खुडू नये.

तणनाशकाचा विषय निघाला म्हणून दुसऱ्या पक्षालाही दोन शब्द सांगणे भाग आहे, नाहीतर माझे हे लिहिणे त्यांच्याच पथ्यावर पडेल. ‘पाहा, आम्ही म्हणतच होतो, हे तण आहे, त्याचा नायनाट करा,’ असे म्हणणारे लोक आहेत, आणि रानभाजी म्हटले की नाक मुरडणारे शिकलेले लोकही आहेत. त्यांच्याशी माझे मुळीच जमत नाही. १९७२ च्या दुष्काळात खडी फोडायला जाणाऱ्या बायकांच्या फडक्यात मिलोच्या भाकरीला लावून जे हिरवे कालवण असे ते पुष्कळदा घोळीचे असे, हे मी पाहिले आहे. दुसरी कोणतीही पालेभाजी तग धरीना अशा जमिनीत ती कशी तगली, याचे उत्तर आता शास्त्राने दिले आहे : पाण्याचा तुटवडा पडला की घोळ आपली रंध्रे दिवसा मिटून घेते आणि रात्री उघडून हवा साठविते, कडक उन्हात वेगाने वाढणाऱ्या मक्याउसाची रीत आणि निवडुंगाची ही रीत, दोन्ही एकाच पानात, एकाच पेशीत नांदतात, असे येल विद्यापीठातील संशोधकांनी २०२२ साली दाखविले. रात्री साठविलेल्या त्या अम्लामुळेच कोरड्या दिवसांत पहाटे खुडलेली घोळ जास्त आंबट लागते आणि संध्याकाळी खुडलेली कमी. आत्या उन्हाळ्यात घोळ दिवेलागणीच्या आधी खुडी, त्याचे कारण मला ती वारल्यानंतर कित्येक वर्षांनी कळले. उपटून बांधावर टाकलेली घोळ आठवडाभर तशीच जगते आणि पडल्या पडल्या बी पिकविते. अशा चिवट, उदार, फुकट मिळणाऱ्या भाजीला विष फवारून मारणे मला कृतघ्नपणाचे वाटते. लिनिअसने १७५३ साली तिला जे नाव दिले त्यातील दुसऱ्या पदाचा अर्थही स्वयंपाकातली भाजी असाच आहे. भाजी म्हणून तिचा कैवार मी अखेरपर्यंत घेईन.

पण भाजी म्हणून. जो निरोगी आहे त्याने ती ताकात, डाळीत, पीठ पेरून, हवी तशी शिजवून खावी. तिच्यात क जीवनसत्त्व आहे, मॅग्नेशियम आहे, आणि दर १०० ग्रॅमला सुमारे ५०० मिलिग्रॅम पोटॅशियम आहे. हे पोटॅशियम धडधाकट माणसाच्या हिताचे असते. ज्याची मूत्रपिंडे अधू झाली आहेत त्याला तेच घातक ठरू शकते, म्हणून अशा रुग्णाने आणि खड्याची प्रवृत्ती असलेल्याने ती आपल्या डॉक्टरांना विचारूनच ताटात घ्यावी. आणि जे सभेत उभे राहून मुतखडा, मधुमेह व रक्तदाब यांवर तिची मात्रा सांगतात, तिची भुकटी करून डब्यांवर तसा मजकूर छापतात, त्यांनी १९५४ चा औषधे व जादूचे उपचार यांच्या आक्षेपार्ह जाहिरातींविषयीचा कायदा एकदा वाचून पाहावा. ज्या रोगांवर इलाज असल्याची जाहिरात करण्यास त्या कायद्याने मनाई केली आहे त्यांच्या यादीत हे तिन्ही रोग आहेत.

माझा मावसभाऊ आता बरा आहे. त्याने मला विचारले, ‘दादा, एवढे विद्वान गृहस्थ, ते चुकीचे कसे सांगतील?’ त्याला मी काय उत्तर देणार? ते खोटे बोलले नाहीत. त्यांचे प्रेम खरे आहे आणि त्यांनी वाचलेलेही थोडे नाही. त्यांनी घोळ मोडून पाहिली नव्हती, शिजवून पाहिली नव्हती, आणि पाटामागे बसलेल्या ज्या बायकांना या दोन्ही गोष्टी येत होत्या त्यांना त्या दिवशी कोणी बोलावयास सांगितले नाही. व्याख्यान चालू असताना त्यांतल्या एका वयस्कर बाईने शेजारणीला हळूच विचारले होते, ‘कच्ची प्यायची म्हणतात?’ तो प्रश्न व्यासपीठापर्यंत पोहोचला असता तर माझे हे सारे लिहिणे वाचले असते.

प्रदर्शन याही वर्षी भरणार आहे. संयोजकांना मी अर्ज केला आहे की, व्यासपीठाऐवजी मला पडवीच्या कोपऱ्यात एक पाट द्यावा. त्यावर तीन सुपे ठेवीन, एकात घोळ, एकात वसू, एकात नायटी, तिन्ही मुळासकट आणि नावांच्या चिठ्ठ्यांवाचून. ती वयस्कर बाई माझ्याबरोबर बसावयास राजी झाली आहे, आणि मागे चुलीवर तिच्या हातची ताकातली भाजी असेल. ज्यांना घोळ शिकावयाची आहे त्यांनी यावे, काडी आपल्या हाताने मोडावी. फक्त दहाच्या आत कोणी येऊ नये. तोवर पिवळे फूल उघडलेले नसते.